खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची?

परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून दोन-तीनदा तरी एकच प्रश्न सोडवावा लागतो. काल-परवापर्यंत नियमाने अंडे देणारी आणि हाक मारताच कण्या टिपायला सर्वांच्या पुढे धावणारी कोंबडी अचानक अंडी घालण्याच्या पाटीतून उठेनाशी होते. हात पुढे केला की ती पिसे फुलवून गुरगुरते आणि चोच मारते, उचलून अंगणात ठेवली तर शेपटी पसरून, सलग कुक्-कुक् करीत दोन घिरट्या घालते आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसते. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवायला बसू लागली, एवढे कळायला इतके पुरेसे असते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची की उठवायची? या प्रश्नाचा निर्णय त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खुडूक कोंबडीमुळे होणारे बहुतेक नुकसान तिच्या खुडूकपणामुळे होत नाही, तर "बघू, दोन दिवसांत उठेल" असे म्हणून तिला रिकाम्या पाटीत आठवडेच्या आठवडे बसू दिल्याने होते.

आमचे घर दापोली तालुक्यात आहे. मागच्या पडवीला लागून खुराडे, त्यापुढे नारळ-सुपारीची थोडी बाग आणि पलीकडे गोठा, अशी कोकणातल्या कोणत्याही घराची असते तशीच मांडणी आहे. कोंबड्या बहुतेक गावठी आहेत, काही सुधारित जातीच्या आहेत. पुढे जे लिहिले आहे ते या परसातल्या अनुभवावरून आणि पशुवैद्यकांकडून वेळोवेळी समजून घेतलेल्या गोष्टींवरून लिहिले आहे.

खुडूक होणे हा आजार नाही, आणि कोंबडीचा हट्टही नाही. पाटीत अंडी साठू लागली, दिवस उबदार झाले आणि पोटाखाली अंड्यांचा स्पर्श सतत होत राहिला, की तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते. त्याच्या प्रभावाने अंडाशय आकसतो आणि अंडी देणे थांबते, तुरा फिका पडतो, आणि पोटाकडची पिसे गळून तिथली त्वचा उघडी होते. ही उघडी त्वचा थेट अंड्यांना टेकते, त्यामुळे शरीराची ऊब मध्ये पिसांचा अडसर न येता त्यांच्यापर्यंत पोहोचते. या काळात ती खाणे इतके कमी करते की एकवीस दिवसांत तिचे वजन लक्षात येण्याइतके घटते. दिवसातून एकदा, तेही जेमतेम पंधरा-वीस मिनिटे, ती उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, एकच मोठी आणि विलक्षण दुर्गंधीची विष्ठा टाकते आणि परतते. ज्यांनी ही विष्ठा प्रथमच पाहिली ते कोंबडीला हगवण लागली म्हणून घाबरतात, पण दिवसभर धरून ठेवल्याचा तो परिणाम असतो.

आता एक गोष्ट हिशेबाची. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि मग खुडूक होते. तिला बसू दिले तर एकवीस दिवस उबवण्यात आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्ले सांभाळण्यात जातात, त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी साधारण पन्नास-साठच्या घरात राहतात. याउलट व्हाइट लेगहॉर्न जातीची व्यावसायिक कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, कारण पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्या कोंबड्यांचीच निवड करून तिच्यातला खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केलेला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी विकसित केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया या जाती, तसेच बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरिराज, या अंड्यांना आणि वजनाला चांगल्या आहेत, पण त्या क्वचितच बसतात. झाबुआच्या ज्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती कोंबडीही उबवण्याच्या कामात फारशी विश्वासाची नाही. असील मात्र उत्तम आई असते, पिल्लांसाठी ती मुंगसाच्याही अंगावर धावून जाते, फक्त तिच्या वजनाने अधूनमधून एखादे अंडे फुटते. सांगायचे कारण असे की ज्याला दर वेळी विकतची पिल्ले आणायची नाहीत, त्याने सुधारित कोंबड्यांबरोबर दोन-चार गावठी कोंबड्या ठेवल्याच पाहिजेत. त्यांच्या कमी अंड्यांकडे पाहून त्यांना हिणवणारे लोक उबवणीयंत्राची किंमत, विजेचे बिल आणि आमच्याकडे पावसाळ्यात तासन्तास गायब राहणारी वीज, या तीन गोष्टी हिशेबात धरीत नाहीत.

बसवायचे की उठवायचे, हे मी मुख्यतः ऋतू पाहून ठरवतो. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ आमच्याकडे सर्वांत चांगला. हवा कोरडी असते, भाताची झोडणी झालेली असल्याने कण्या, पोल (पोकळ दाणे) आणि तूस घरातच असते, आणि पिल्लांना चरायला जमीन कोरडी मिळते. मार्गशीर्ष-पौषात निघालेले नर आषाढापर्यंत कापण्याजोगे होतात. त्याच सुमारास गटारी येते, गावोगावी राखण, म्हणजे गावाच्या राखणदार देवाला कोंबडा, द्यायची असते, आणि गावठी कोंबड्याला एरवीपेक्षा चांगला भाव मिळतो. श्रावण लागला की गिऱ्हाईक एकदम आटते, हे ज्याला माहीत आहे तो चैत्रात कोंबडी बसवताना दोनदा विचार करतो. चैत्र-वैशाखात आणखी एक अडचण असते, ती साठवलेल्या अंड्यांची, तिच्याविषयी पुढे लिहितो. ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात मी कोंबडी शक्यतो बसवतच नाही. कोकणातल्या पावसात खुराड्यातले तूस कितीही बदलले तरी ओल राहतेच, ओल असली की रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात, आणि भिजून गारठलेले पिल्लू संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

ऋतूबरोबर कोंबडीही पाहावी लागते. छातीचे हाड हाताला टोचत असेल, म्हणजे ती आधीच्या पिल्लांमधून पुरती सावरलेली नसेल, तर तिला पुन्हा तीन आठवडे उपाशीपोटी बसवणे योग्य नाही. कळपात कोंबडा आहे का, हेही पाहावे. ही सूचना वाचून हसू येईल, पण शहरातून गावी येऊन हौसेने चार तलंगा (नुकत्याच वयात येणाऱ्या तरुण कोंबड्या) पाळणाऱ्यांनी कोंबडा नसताना वांझ अंड्यांवर कोंबडी बसवून ठेवल्याचे मी पाहिले आहे.

उठवायचे ठरले तर कसे उठवावे, याविषयी गावात अनेक उपाय सांगितले जातात. कोणी तिच्याच अंगाचे पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालतात, कोणी तिला पाण्याच्या घंगाळात बुडवून काढतात, कोणी पायाला दोरी बांधून दिवसभर उन्हात खुंटीला अडकवतात आणि दाणापाणी बंद करतात. या उपायांनी कोंबडी उठत नाही असे नाही. उठते, पण तिला पाटीपासून दूर ठेवले जाते म्हणून उठते, आणि पाण्यात बुडवल्याचा काही उपयोग होत असलाच तर तो पोट थंड झाल्याचा होतो. मग तेवढेच काम तिला न छळता का करू नये? नाकात पीस घातलेली कोंबडी नीट खाऊ शकत नाही, तिथे जखम चिघळते, आणि आधीच खंगलेल्या पक्ष्याला बरे व्हायला अधिक दिवस लागतात, म्हणजे ज्या अंड्यांसाठी हा उद्योग केला ती आणखी लांबणीवर पडतात. आमच्या घरी पूर्वी हेच चालत असे, आता चालत नाही.

आमची पद्धत साधी आहे. फळांचे क्रेट किंवा खाली पट्ट्या असलेला लाकडी खोका दोन-तीन विटांवर उचलून ठेवायचा, आत गवत, पेंढा, गोणपाट काहीही घालायचे नाही, आणि कोंबडीला त्यात ठेवायचे. खालून वारा खेळता राहिला पाहिजे, कारण पोटाखालची ऊब मोडणे हेच सारे काम आहे. खोका उजेडात, पण सावलीत, आणि इतर कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवावा. दाणा आणि पाणी भरपूर द्यावे. पहिल्याच दिवशी सुरुवात केली तर बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत उठतात, आठवडाभर पाटीत बसू दिलेल्या कोंबडीला मात्र अधिक वेळ लागतो. मधूनच तिला मोकळी सोडून पाहावे. ती इतरांबरोबर माती उकरू लागली तर काम झाले, आणि सरळ पाटीकडे धावली तर पुन्हा खोक्यात. एकीकडे पाटीतली अंडी दिवसातून दोनदा उचलावीत, कारण साठलेली अंडी दिसली की दुसरीही बसायला लागते. खुडूकपणा उठल्यावर तुऱ्याला पुन्हा लाली येऊ लागते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत कोंबडी अंड्यावर येते.

न उठवता आणि न बसवता तसेच सोडून दिले तर काय होते, हेही सांगायला हवे. खुडूक कोंबडी पाटी अडवते, इतर कोंबड्या अंडे द्यायला तिथेच दाटी करतात, त्या गर्दीत अंडी फुटतात, आणि फुटलेल्या अंड्याची चव एकदा लागली की कळपात अंडी खाण्याची खोड शिरते. ती खोड मोडणे खुडूक कोंबडी उठवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. शिवाय गावठी कोंबडी रिकाम्या पाटीतही एकवीस दिवसांनंतर बसून राहू शकते आणि हाडांची मोळी होते. अंगावर उवा झालेल्या असतील तर एका जागी बसून त्या आणखी वाढतात.

बसवायचे ठरले की पहिले काम अंडी निवडण्याचे. अंडे मध्यम आकाराचे, स्वच्छ, नेहमीच्या घडणीचे असावे. फार मोठे, फार लहान, खरखरीत किंवा चिरा गेलेले नको. मळके अंडे पाण्याने धुऊन बसवू नये, कारण कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो धुतला गेला की सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात. अंडी जितकी ताजी तितकी चांगली, हिवाळ्यात आठवड्यापर्यंतची चालतात. उन्हाळ्यात मात्र चार-पाच दिवसांपेक्षा जुनी घेऊ नयेत. कारण असे की अंड्यातल्या गर्भाची वाढ थांबून राहायला हवा थंड असावी लागते. वैशाखातल्या दुपारी घरातली हवाच इतकी तापते की गर्भ अर्धवट वाढू लागतो, रात्री थांबतो, पुन्हा वाढतो आणि शेवटी मरतो. अशी अंडी कोंबडीखाली ठेवली तर ती बाहेरून चांगली दिसतात आणि एकही फुटत नाही. यावर उपाय म्हणून रुंद तोंडाच्या मडक्यात ओली वाळू घालावी, तिच्यावर कापड अंथरावे, आणि कापडावर अंडी टोकाची बाजू खाली करून ठेवून मडके घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे. आमची जुनी माणसे तांदळाच्या कणगीत अंडी ठेवत, तेही हिवाळ्यात चांगले.

एका कोंबडीखाली किती अंडी ठेवावीत, यावर घरोघरी वाद असतात, आणि विषम संख्या हवी असा आग्रहही असतो. विषम-समाशी मला देणेघेणे नाही, पण सर्व अंडी पंखांखाली पूर्ण झाकली गेली पाहिजेत, हे महत्त्वाचे. लहान चणीच्या गावठी कोंबडीला दहा-बारा पुरतात. हौसेने पंधरा-सोळा ठेवली तर तीन-चार नेहमी उघडी पडतात. कोंबडी तर दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला सरकवते. त्यामुळे रोज वेगवेगळी अंडी गार पडतात आणि नुकसान तीन-चारांपुरते न राहता साऱ्या पाटीचे होते. म्हणूनच बारांतून नऊ पिल्ले निघतात आणि सोळांतून पाच.

बसवण्याची जागा एकांताची, अंधारी आणि उंदीर पोहोचणार नाही अशी हवी. आम्ही बांबूच्या जुन्या पाटीत तळाला थोडी राख, त्यावर भाताचा पेंढा आणि पेंढ्यात कडुनिंबाचा थोडा पाला घालतो. राख आणि पाला उवा-पिसवांसाठी आहेत. पाटीत फार पिसवा झाल्या तर चांगली बसलेली कोंबडीही अंडी टाकून निघून जाते, म्हणून आधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पाहून घ्यावे. आमची आत्या अजूनही पाटीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवते, विजांच्या कडकडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. खिळा काढून टाकण्याचा आग्रह मी धरीत नाही, कारण त्याने बिघडत काही नाही आणि आत्याचे लक्ष त्या निमित्ताने रोज पाटीकडे जाते, ते कोंबडीच्या उपयोगाचे आहे.

कोंबडीला नव्या जागी हलवायचे असेल तर ते काम रात्रीच करावे. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागी परतते. पहिली रात्र आणि दुसरा दिवस खाली एखाद-दुसरे साधे अंडे ठेवून तिला बसू द्यावे, आणि ती नीट टेकली आहे याची खात्री झाली की त्या रात्री निवडलेली अंडी सर्व एकाच वेळी सरकवावीत. रोज एकेक अंडे वाढवत गेले तर पिल्लेही रोज एकेक निघतात, आणि पहिली दोन पिल्ले चालू लागली की आई उरलेली अंडी सोडून त्यांच्यामागे जाते. ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मध्येच येऊन घातलेले अंडे ओळखता येते आणि त्याच दिवशी काढता येते. बसवल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी, स्मरणावर विसंबू नये.

दाणा आणि पाणी पाटीपासून दोन-तीन हातांवर असावे, पाटीला लागून नको. तिला उठून चार पावले चालावे लागले तर ती विष्ठाही बाहेरच टाकते. अख्खे भात किंवा मका द्यावा, मऊ ओले अन्न या काळात नको. काही कोंबड्या इतक्या चिकटून बसतात की स्वतःहून उठतच नाहीत, त्यांना दिवसातून एकदा दोन्ही हातांनी अलगद उचलून बाहेर ठेवावे लागते. उचलताना पंखांखाली अंडे अडकलेले नाही हे आधी चाचपून पाहावे.

सातव्या-आठव्या रात्री अंडी तपासावीत. त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून त्यावर अंडे ठेवले आणि खालून मोबाइलचा टॉर्च धरला की आत लाल शिरांचे जाळे आणि मध्ये गडद ठिपका दिसतो, ते जिवंत अंडे. आत सर्वत्र सारखा पिवळसर उजेड दिसला तर ते वांझ. शिरा न दिसता फक्त एक रक्ताचे कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेलेला. वांझ आणि मेलेली अंडी काढून टाकावीत, कारण पुढे तीच कुजतात आणि एखादे फुटले तर त्याची घाण बाकीच्या अंड्यांना लागते. दोन कोंबड्या एकाच वेळी बसवल्या असतील तर या रात्री दोघींची चांगली अंडी एकीखाली करून दुसरीला नवी अंडी देता येतात. कोंबडी आणखी आठवडाभर बसू शकते, याचा फायदा घेऊन काही जण तिच्याखाली बदकाची अंडी ठेवतात, त्यांना अठ्ठावीस दिवस लागतात.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते, कारण याच दिवसांत घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, डोकावायचे असते. आत पिल्लू वळून चोच हवेच्या पोकळीकडे आणत असते. कवच फोडण्याआधीच ते आतून चिवचिवते, आई खालच्या आवाजात उत्तर देते, आणि या आवाजांमुळे सर्व पिल्ले एक-दोन दिवसांच्या अंतरात बाहेर पडतात. कवचाला पहिला टवका गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा तास, कधी पुरा दिवसही लागतो. तेवढ्यात उतावीळपणे कवच सोलणाऱ्याच्या हाती बहुधा रक्ताळलेले पिल्लू लागते, कारण आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून आटलेल्या नसतात आणि पोटातला बलक पूर्ण शोषला गेलेला नसतो. हा बलकच पिल्लाची पहिली शिदोरी असतो, त्यावर ते एक-दोन दिवस काही न खाता राहू शकते. बाविसाव्या दिवशीही न फुटलेली अंडी आणखी एखादा दिवस ठेवावीत आणि मग दूर खड्ड्यात पुरावीत. परसात फेकू नयेत, त्या वासाने मुंगूस आणि धामण दोन्ही येतात.

स्वतःची पिल्ले कमी निघाली आणि बाजारातून एक दिवसाची पिल्ले मिळत असतील, तर ती रात्री आईच्या पंखांखाली सरकवता येतात. कोंबडी किमान दोन-अडीच आठवडे बसलेली असावी आणि पिल्ले एक-दोन दिवसांपेक्षा मोठी नसावीत, एवढी अट आहे. वनराजची पिल्ले गावठी आईकडून वाढवून घेण्याचा हा मार्ग मला फार सोयीचा वाटतो, कारण एरवी पहिले तीन-चार आठवडे बल्बच्या उबेची जी व्यवस्था करावी लागते ती आईच करते. राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि नागपूर येथे आहेत. कोकणात पिल्ले आणताना प्रवास लांबतो, त्यामुळे पिल्ले येण्याचा दिवस आणि कोंबडीचे बसणे यांचा मेळ आधी घालून ठेवावा लागतो.

पहिले आठ-दहा दिवस आई आणि पिल्ले डालग्याखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली. बारीक कण्या आणि पाणी पुरे, पण पाण्याची ताटली उथळ असावी आणि तिच्यात खडे घालावेत, नाहीतर पिल्ले त्यात पडून भिजतात. वाळवी हे पिल्लांचे सर्वांत आवडते खाणे. जुन्या मडक्यात ओले शेण, गोणपाटाचे तुकडे आणि पेंढा भरून ते वारुळाजवळ पालथे घातले की एक-दोन दिवसांत वाळवी भरते, आणि मडके पिल्लांपुढे झटकले की पुढचा अर्धा तास आईला कोणी विचारीत नाही. पिल्ले बाहेर सोडल्यावर घार, शिक्रा आणि कावळा यांच्यापासून खरे रक्षण आईच करते. आकाशातला शत्रू आणि जमिनीवरचा शत्रू यांसाठी तिचे इशारे वेगळे असतात, आणि पहिला इशारा झाला की पिल्ले जिथे असतील तिथून झुडपात घुसतात. यंत्रात उबवलेल्या आणि आईविना वाढलेल्या पिल्लांना हे शिकवणारे कोणी नसते.

लसीकरणात मात्र आईचा उपयोग मर्यादित आहे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एकदा गावात शिरली की दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे करते, आणि लागण झाल्यावर तिच्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून द्यायची आर-टू-बी ही लस, असा क्रम पशुवैद्यक सांगतात. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती बर्फात आणावी लागते, आणि मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी एवढे कोण करणार, म्हणून लोक टाळतात आणि वैशाखात सारे गमावतात. आमच्या वाडीत आता सात-आठ घरे मिळून एक बाटली आणतात. त्यासाठी सर्वांना कोंबड्या साधारण एकाच पंधरवड्यात बसवाव्या लागतात, आणि हे जुळवणे हे लस टोचण्यापेक्षा मोठे काम आहे. कोंबड्या अचानक एकापाठोपाठ मरू लागल्या तर त्या कापून खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. देशात बर्ड फ्लू प्रथम सापडला तो 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, ही गोष्ट विसरण्याइतकी जुनी झालेली नाही.

रोजच्या कामांविषयी थोडक्यात. खुराडे जमिनीपासून हातभर उंच, जाळीचे आणि पश्चिमेच्या झडीपासून आडोशाचे असावे. दिवेलागणीला दार लावणे हे काम एकाच माणसाकडे असावे, कारण दोघांवर सोपवले की एखाद्या दिवशी ते कोणीच करीत नाही, आणि ऊदमांजर नेमके त्याच रात्री येते. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा पावसाळ्यात भिजून गोळा झालेले खाद्य देऊ नये, त्या बुरशीचे विष यकृतावर जाते. अंड्याच्या एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते कोंबडीला कुठून तरी मिळवावेच लागते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवांची कवचे भाजून, कुटून देता येतात, त्याने मऊ कवचाची अंडी बंद होतात. राख आणि कोरडी माती मिसळलेला एक खड्डा पावसातही छपराखाली ठेवावा, तिथे लोळून कोंबड्या स्वतःच्या उवा स्वतः आवरतात.

आणि चोरून बसणारी कोंबडी. गवताच्या उडवीत किंवा बांबूच्या बेटात लपून अंडी घालणारी एक तरी प्रत्येक कळपात असते. दुपारी अंडे दिल्यावर ती त्या जागेपासून दूर जाऊन ओरडते, त्यामुळे आवाजाच्या दिशेने शोधणारा फसतो. सकाळी खुराडे उघडल्यावर कोण एकटी, मागे वळून पाहत निघते, तिच्यावर लक्ष ठेवावे. सापडलेली अंडी किती जुनी आहेत हे पाण्यात टाकून पाहावे, तरंगणारी खाण्यासही नकोत आणि बसवण्यासही नकोत. ती आधीच खुडूक होऊन बसलेली सापडली, तर वर सांगितल्याप्रमाणे रात्री अंड्यांसह आत आणावी, कारण बाहेर बसलेली कोंबडी एकवीस दिवस कोल्ह्याच्या नजरेतून सुटत नाही.

सात-आठ आठवड्यांनी आई पिल्लांना टोचून दूर लोटू लागते, तिच्या तुऱ्याला लाली येते आणि ती पुन्हा कोंबड्याजवळ फिरू लागते. या टप्प्यावर पिल्लांची वाटणी करावी. निम्मे नर असतातच, ते आषाढासाठी वाढवायचे. तलंगांपैकी कोणत्या ठेवायच्या हे ठरवताना मी अंगावरचा रंग पाहत नाही, दिनदर्शिकेवरची नोंद पाहतो: कोणत्या आईने बसून अंडी टाकली नाहीत, कोणाची पिल्ले घारीने कमी नेली, आणि कोणती उठवायला सर्वांत सोपी गेली. तिच्या तलंगा घरी राहतात, बाकीच्या शेजारी किंवा बाजारी जातात.